सातव्या वळणाची कोरडी भिंत

मुख्यालयातून खास आजच्यासाठी वर आलेले, आजच्या सभेचे अध्यक्ष, सन्माननीय मुख्य अभियंतासाहेब. आपल्या तळाचे प्रमुख कमांडरसाहेब. व्यासपीठावरच्या डॉक्टरीणबाई आणि शाळेच्या मुख्याध्यापिका. उद्यापासून माझ्या खुर्चीत बसणारे नवे रस्ता-निरीक्षक, जे माझे जावईही आहेत. पहिल्या रांगेतल्या माझ्या घरच्या माणसांनो. ड्रायव्हर, गवंडी, सुरुंगवाले आणि भटारखान्यातल्या सोबत्यांनो. आणि मागे बाकांवर, बाकांखाली, खिडक्यांत दाटीवाटीने बसलेल्या माझ्या टोळीतल्या बंधूंनो, भगिनींनो, आणि त्यांच्या बोचक्यांनो,

बोचक्यांना संबोधलं म्हणून हसू नका. त्यांच्याकडे मी नंतर येणार आहे.

मघापासून माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते ऐकताना दोनदा मागे वळून पाहावंसं वाटलं, की हा कोण थोर माणूस येऊन बसलाय? मानपत्रात मला ‘पर्वतपुत्र’ म्हटलंय. ज्यांनी लिहिलं त्यांचे आभार. डोंगराने मात्र असं काही कबूल केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हे सुंदर घड्याळ तुम्ही मला दिलंत, तेही समोर टेबलावर ठेवलंय. सव्वादोन वाजलेत. तीन वाजता हिवाळाभर इथे अडकलेल्या बायकामुलांना घेऊन बावीस गाड्यांचा ताफा खाली निघणार आहे, त्यामुळे मला दहाच मिनिटं आहेत अशी चिठ्ठी बोलायला उभं राहायच्या आधीच हातात पडली. चिठ्ठी मिळाली, साहेब. पण सत्कारमूर्तीचा एक फायदा असतो. त्याला मध्येच कोणी खाली बसवत नाही. छत्तीस वर्षांत या तळावर माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं जायची ही पहिलीच वेळ आहे, आणि तिचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाला विषय दिलाय, ‘आपल्या रस्त्याची गौरवशाली वाटचाल’. बरं, गौरवापासून सुरुवात करू.

फाटकापाशी तीन कोनशिला आहेत, आपण येताजाता पाहतो. पहिला रस्ता, दुसरा रस्ता, तिसरा रस्ता. एक वाट मात्र अशी आहे की तिला कोनशिला नाही, कारण तिचं उद्घाटन कोणी केलंच नाही. ती मेंढपाळांची. ती समोरच्या उन्हाच्या सोंडेवरून यायची. तिकडे पक्का कातळ आहे, बर्फ लवकर वितळतो, पाणी वरच्यावर वाहून जातं. शेकडो वर्षं माणसं-मेंढरं तिकडून आली-गेली. मग लष्कराने ती वाट का नाही घेतली? ते काय वेडे होते? मुळीच नाही. ती सोंड पलीकडच्या खिंडीतून दिसते. तिकडून तोफ डागली की वाटेवरचं काहीच वाचायचं नाही. म्हणून रस्ता सावलीच्या अंगाने काढला, जिथे शत्रूची नजर पोचत नाही. तिथे सगळी भुसभुशीत माती, आत पाणीच पाणी. लष्करी रस्ता शत्रूला चुकवून जातो हो. डोंगराला विचारायला त्याला सवड नसते. हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. दोष देणार आहे, पण तो पुढे, आणि माणूस निराळा आहे.

पहिला रस्ता नव्वद दिवसांत झाला. लढाई तोंडावर होती. त्या वेळच्या कप्तानाने एक दोरखंड घेतला, बारा खेचरं जुंपलेल्या तोफेएवढा लांब. वळणावर माणसांनी तो धरून चालायचं. सगळे अडखळल्याशिवाय वळले की वळण पास. नाही वळले तर डोंगर आणखी कापायचा. अशी तेवीस वळणं काढली. नव्वदाव्या दिवशी तोफा वर पोचल्या आणि लढाई दुसरीकडेच झाली! एक गोळा सुटला नाही. पण रस्त्याने एकशे सहा माणसं घेतली. कोनशिलेवर कप्तानाचं नाव आहे, दिवस किती लागले ते आहे, माणसं किती गेली ते नाही. जागा पुरली नसेल.

दुसरा रस्ता ट्रकांसाठी. ट्रक काही खेचरांसारखा वाकत नाही. सातव्या वळणावर तो एका दमात वळेना. एकदा रिव्हर्स घ्यावा लागायचा, मागची चाकं दरीच्या काठाशी. क्लीनर खाली उतरून हात हलवत ओरडायचा, ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे!’ एका दुपारी एक ‘येऊ दे’ जास्त झाला. मग वरून हुकूम आला, सातवं वळण रुंद करा. डोंगराचा पायथाच कापला, आणि वरची माती खाली येऊ नये म्हणून भिंत बांधली. तिसऱ्या रस्त्याच्या वेळी रणगाड्यांचे ट्रेलर आले, पायथा आणखी कापला, भिंत आणखी उंच केली. आज ती तीन पुरुष उंच आहे आणि इथून त्या खिडकीपर्यंत धराल, तर त्याच्या दुप्पट लांब. तुमच्यापैकी प्रत्येकजण तिच्या सावलीतून वर आलाय. आणि तीन वाजता तिच्याच सावलीतून खाली जायचं आहे.

आता थोडं भिंतीविषयी. डॉक्टरीणबाई, तुम्हाला कंटाळा येईल, पण ऐका. भिंत डोंगर धरून ठेवते असं सगळे म्हणतात. ती दगडमाती धरते. पाणी नाही धरत, पाणी कोणालाच धरता येत नाही. म्हणून भिंतीत भोकं ठेवतात, आतलं पाणी झिरपून बाहेर पडायला. आपल्या भिंतीला बेचाळीस आहेत. आमची टोळी त्यांना भिंतीचे डोळे म्हणते. बर्फ वितळायला लागला की बेचाळीस डोळ्यांतून पाणी गळतं, भिंतीवर शेवाळाचे काळे ओघळ उतरतात. दिसायला भिकार दिसतं. पाहुणे विचारतात, ही भिंत एवढी घाण का?

मी गवंडी म्हणून लागलो तेव्हा आमचा मुकादम होता, त्याला सगळे मगदादा म्हणायचे. त्याच्या कमरेला पत्र्याचा मग लटकलेला असायचा. रोज सकाळी हा माणूस भिंतीशी जायचा, सतराव्या डोळ्याखाली मग धरायचा आणि मोजायचा. एक, दोन, तीन. बर्फ वितळायच्या दिवसांत चाळिसाच्या आत मग भरला की तोंडावर पाणी मारायचा, उरलेलं प्यायचा आणि म्हणायचा, ‘रडतेय ग बाई, रड, रड.’ आम्ही पोरं हसायचो. म्हातारा भिंतीशी बोलतो! मग हा असा होता. हाच तो. मी आज सोबत आणलाय.

ही दुसरी चिठ्ठी. ‘कृपया आटोपते घ्यावे.’ घेतो, साहेब.

मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. फार मोठे जनरल पाहणीला यायचे होते. आता आपल्याकडे मोठा साहेब यायचा म्हटलं की काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. जे हलत नाही त्याला चुना, जे हलतं त्याला सलाम! दगड रंगले, झाडांचे बुंधे रंगले, पाण्याची टाकी रंगली. राहिली ती सातव्या वळणाची भिंत. तळावरच्या अधिकाऱ्याने सांगितलं, ही आरशासारखी झाली पाहिजे. गिलावा करा, चुना मारा, वर ‘स्वागतम्’ लिहा. मगदादा म्हणाला, साहेब, डोळे बुजतील. त्याला सांगितलं, जनरल गेल्यावर उघड. दादा अडून बसला. मग त्याला बाजूला करून ते काम एका तरुण गवंड्याला दिलं. हाताला सफाई होती त्याच्या, आणि वर चढायची घाईही होती. त्याने तीन दिवसांत बेचाळीस डोळे बुजवले. एकेक भोक सिमेंटने भरलं, वर थापी फिरवली, बोट लावून पाहिलं तर खडबड लागेना. फार खूश झाला तो स्वतःवर.

तो मी.

जनरल आले, भिंतीकडे पाहून ‘वा’ म्हणाले आणि गेले. डोळे उघडायचं राहिलं. आज उघडू, उद्या उघडू. भिंत कोरडी ठणठणीत दिसत होती, तेव्हा घाई कोणाला? छान ऊन पडलं होतं, आज पडलंय तसंच. नवव्या दिवशी मगदादाच पहार घेऊन निघाला. म्हणाला, तुम्हाला सवड नाही तर मी फोडतो. टोळी भिंतीच्या सावलीत जेवायला बसली होती. मी इकडे वर, या सभागृहाच्या पायऱ्यांचं काम करत होतो. आवाज आला तो मला ट्रक उलटल्यासारखा वाटला. भिंत पोटातून फुटली, आणि मागून डोंगर आला. अकरा माणसं. दादा चौथ्या दिवशी सापडला. त्याचा मग त्याच्या आधी सापडला होता.

चौकशीच्या कागदावर ‘अतिबर्फवृष्टी’ लिहिलं गेलं. मला विचारलं, भिंतीत काही दोष होता का? मी म्हणालो, नव्हता. खोटंही नव्हतं ते. भिंतीत दोष नव्हताच. पुढच्या वर्षी मी मुकादम झालो.

त्या अकरा जणांचा दगड वळणावर आहे. दर वर्षी आपण त्याला चुना लावतो, दोन मिनिटं उभे राहतो. मी पहिल्या रांगेत उभा असतो. माझ्या शेजारी माझी बायको असते. मगदादा तिचे वडील. त्यांनीच आमचं लग्न ठरवलं होतं, ते गेले त्याच्या दोन महिने आधी. चौतीस वर्षं तिच्या हातचं खातोय आणि चौतीस वर्षांत हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. आज साडेतीनशे माणसांसमोर सांगतोय, कारण एकटीला सांगायला माझ्यात हिंमत नाही. समोरच बसली आहे. माझ्याकडे बघत नाहीये. न बघो. तो तिचा हक्क आहे.

कमांडरसाहेब, तुम्ही घड्याळ बघताय. मीही बघतोय. दोन चाळीस. आता आजचं सांगतो, म्हणजे जुनं कशाला उगाळलं ते कळेल.

गेले आठ दिवस मी खाली दवाखान्यात होतो, डोळ्याच्या ऑपरेशनला. काल अंधार पडता पडता वर आलो, डोळ्यावर पट्टी, काही दिसलं नाही. आज सकाळी पट्टी काढली, आणि शेवटचा दिवस म्हणून हा मग घेऊन सातव्या वळणाला गेलो. गाडीतून उतरलो आणि भिंतीकडे बघितलं. पांढरीशुभ्र भिंत. एक ओघळ नाही, शेवाळ नाही. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘छत्तीस वर्षांच्या सेवेस आमचा सलाम’.

जावईबापू, मान खाली घालू नका. वर बघा. सभेला हे कळू दे की तुम्ही हे कौतुकाने केलंत. सासऱ्याला परत येताना चकित करायचं, त्याची भिंत एकदा तरी चकाचक दिसू दे, एवढंच तुमच्या मनात होतं. एका गवंड्याने तुम्हाला विचारलंही, डोळ्यांचं काय करायचं? तुम्ही म्हणालात, बुजवा, नंतर बघू. तुम्ही इंजिनांचे माणूस, भिंतीशी तुमचा संबंध कधी आलाच नाही. तुम्हाला मी सुरुंग शिकवला, बर्फ शिकवला, कोणता ड्रायव्हर किती थापा मारतो ते शिकवलं. डोळ्यांबद्दल मात्र एवढंच म्हणालो, ‘साफ ठेवत जा.’ का, ते सांगितलं नाही. कारण ते सांगायचं तर हे सगळंच सांगावं लागलं असतं. तेव्हा दोष कोणाचा हे मी मघाशी पुढे सांगतो म्हणालो होतो ना? हा सांगितला.

सतरावा डोळा मी अंदाजाने शोधला. त्याखाली मग धरला. हजारापर्यंत मोजलं. हा बघा मग. मी उलटा करून दाखवतो. एक थेंब नाही. दहा दिवस कडक ऊन आहे, वरचा सगळा बर्फ वितळतोय, नाल्याला मात्र पाणी वाढलेलं नाही. मग ते सगळं पाणी गेलं कुठे? भिंतीला कान लावला. आत काही ऐकू आलं असं मी सांगणार नाही, मला काहीच ऐकू आलं नाही. मग दोरी लावली. या टोकाला एक माणूस, त्या टोकाला एक माणूस, ताणून धरली. टोकांना दोरी मोकळी, आणि मधोमध भिंतीला घासतेय. मधोमध भिंतीला चार बोटं पोट आलंय, साहेब. आठ दिवसांपूर्वी नव्हतं.

अध्यक्षमहोदय, मघाशी चहाच्या वेळी मी आपल्याकडे आलो, तेव्हा आपण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, ‘आज तुमचा दिवस आहे, कामाचं उद्या बोलू.’ मी चार बोटं म्हणेपर्यंत आपण फोटोला उभे राहिलात. आता आपला चेहरा बदललाय. आपण अभियंता आहात, चार बोटं म्हणजे काय ते मी आपल्याला काय सांगणार? कमांडरसाहेबांच्या कचेरीतही दोनदा गेलो. कारकून म्हणाला, साहेब कार्यक्रमात आहेत. मी म्हटलं, अहो, माझ्याच कार्यक्रमात आहेत! तो म्हणाला, मग तिथेच भेटा.

म्हणून इथेच भेटतोय.

आता बोचकी. एवढी टोळी झाडून सगळी माझ्या निरोपाला आली, हे बघून मुख्याध्यापिकाबाईंचे डोळे भरून आले. प्रेम आहे, नाही असं नाही. पण प्रेमापोटी कोणी गाद्या आणि स्टोव्ह घेऊन येत नाही हो. ही माणसं सातव्या वळणाखालच्या चाळीत राहतात. सकाळी मी दारोदार जाऊन प्रत्येकाला आमंत्रण दिलं, म्हटलं, समारंभाला या, आणि येताना अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, म्हातारी माणसं, सगळं आणा. कोणी ‘का’ विचारलं नाही. एका म्हातारीने फक्त भिंतीकडे पाहिलं आणि कोंबड्या पिशवीत भरायला लागली. चाळ रिकामी आहे. खालच्या फाटकालाही फोन करून सांगितलंय, वर कोणाला सोडू नका.

ही तिसरी चिठ्ठी वाचून दाखवतो. ‘वरच्या फाटकाला नेहमीचे कुलूप नाही. ड्रायव्हर खोळंबले आहेत. किल्ली कोणाकडे?’ माझ्याकडे आहे. साडेबारा वाजता मी फाटक बंद केलं आणि माझ्या पेटीचं कुलूप घातलं. एक तासापेक्षा जास्त फाटक बंद ठेवायला कमांडरसाहेबांची सही लागते, हा नियम मला तोंडपाठ आहे, मीच तो नव्या लोकांना शिकवतो. सव्वादोन तास झाले. तेव्हा जे काही शासन व्हायचं ते मला, एकट्याला. आज पाच वाजेपर्यंत मी नोकरीत आहे.

साहेब, तुम्ही उभे राहिलात. थोडं बसून घ्याल? आपल्या कार्यक्रमपत्रिकेत सहावा क्रम आहे, किल्ली सोपवणे. जुन्या निरीक्षकाने किल्ली तबकात ठेवायची, नव्याने ती उचलून सगळ्यांना दाखवायची आणि जाऊन पहिल्या गाडीसाठी स्वतः फाटक उघडायचं. ही आपली रीत. ती मी मोडणार नाही. माझी एवढीच इच्छा आहे की उचलणाऱ्याने आधी पहिल्या बसमध्ये कोण बसणार आहे ते बघावं. त्या बसमध्ये, तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, माझी मुलगी आणि माझी नात बसणार आहेत. नात समोरच आहे. सकाळपासून टोपी घालून, बूट घालून तयार. तिला बसमधून दरी बघायची आहे.

ही किल्ली मी तबकात ठेवली. जावईबापू, या.

घ्या. तुमची आहे.

दाखवत नाही आहात सगळ्यांना? खिशात ठेवलीत?

बरं केलंत. रीत मोडली, पण बरं केलंत. आता कान देऊन ऐका. आज भिंतीखाली कोणीही जायचं नाही, डोळे फोडायलासुद्धा नाही. मगदादा तसाच गेला. ऊन उतरू दे, वरची माती गोठू दे. पहाटेच्या थंडीत वरच्या अंगाने चर खणून पाणी नाल्याकडे वळवा, माणसं कमरेला दोर बांधून. त्यानंतर दोन दिवस नुसतं बघत बसा. पोट वाढलं नाही, तर आणि तरच, कडेकडेने, लांब सळईने एकेक डोळा उघडा. आधी पडली तर पडू दे. दगडांची भिंत आहे, परत बांधता येते. हा मग तुमच्याकडे राहू द्या. मी चूक ठरलो तर उद्या याच सभागृहात बसून मला खुशाल हसा. मीही हसेन. तसं हसायला मिळावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा काही मागतोय.

दोन त्रेपन्न. वेळेआधी संपवतो.

अध्यक्षमहोदय, आपण कमांडरसाहेबांच्या कानाशी काही बोललात आणि ते खाली बसले, याबद्दल आपले आभार मानतो. कमांडरसाहेब, बसल्याबद्दल आपले. घड्याळ, मानपत्र, फुलं, चहा, सगळ्यांचे मनापासून आभार. टोळीचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. आणि बेचाळीस भोकं बुजवली आणि चौतीस वर्षं तोंड बुजवून बसलो, तेही सांभाळून घ्या असं म्हणायची माझी लायकी नाही. ती माफी मी मागत नाही. ज्यांच्याकडे मागायची, त्यातले अकरा जण वळणावर आहेत आणि एक इथे पहिल्या रांगेत.

आणि छोटे, तू रुसू नकोस. आज आपण कुठेही जात नाही. बूट काढ बघू.

राहू दे. मला सांगायची गरजच नव्हती. आजीने खाली वाकून नाड्या सोडायला घेतल्यात.